सोशल रिसर्च मेथड्सची मास्टर्स, साताऱ्यात बसून केलेली

गेल्या काही महिन्यांत निदान सात-आठ जणांनी विचारलं, ताई तो ब्रिटनचा ऑनलाइन कोर्स केलास तो कसा आहे, करावा का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. विद्यापीठाचं नाव घालत नाही, कारण मला सांगायचंय ते सोशल रिसर्च मेथड्स, म्हणजे समाजाचा अभ्यास करायच्या पद्धती, या विषयाच्या डिग्रीबद्दल आहे, आणि तिथल्या ऑफिसबद्दल माझ्या ज्या तक्रारी आहेत त्या नाव घेऊन चारचौघांत मांडायच्या नाहीत. एका ओळीत उत्तर हवं असेल तर पाचपैकी चार स्टार. आणि ज्यांनी आधी कधी दारोदार फिरून फॉर्म भरलेत त्यांच्यासाठी पाच.

मी त्यातलीच. एका संस्थेत अकरा वर्षं सर्व्हेची कामं केली, शौचालय, बचत गट, पाणी, कुपोषण, जो प्रोजेक्ट येईल त्याचे फॉर्म. मेढ्याची एसटी पकडायची, पुढं चालत, दिवसाला पंधरा-वीस घरं, रात्री एक्सेलमध्ये भरायचं आणि पुण्याला पाठवून द्यायचं. त्या आकड्यांचं पुढं काय व्हायचं ते कधी कळलं नाही. रिपोर्ट यायचा तेव्हा त्यातलं गाव मला ओळखू यायचं नाही. मीच भरलेला फॉर्म, मीच विचारलेली बाई, आणि रिपोर्टात तिचं जे झालेलं असायचं ते बघून वाटायचं की कुठंतरी मधे काहीतरी सांडतंय, पण नेमकं कुठं ते बोट ठेवून सांगता यायचं नाही. ते शिकायला मी हा कोर्स घेतला आणि ते मला मिळालं, म्हणून चार स्टार आधीच देऊन टाकले.

आता कोर्स असतो कसा ते सांगते. ब्रिटनमधली मास्टर्स म्हणजे १८० क्रेडिट, त्यातले ६० बहुतेक ठिकाणी डिझर्टेशनचे, म्हणजे शेवटच्या प्रबंधाचे. पूर्ण वेळ केली तर एक वर्ष, पार्ट टाइम दोन वर्षं, मी पार्ट टाइम केली. विषय साधारण सगळीकडे तेच, रिसर्च डिझाइन, संख्यात्मक पद्धती, गुणात्मक पद्धती, ज्ञान म्हणजे काय वगैरे तत्त्वज्ञान, एथिक्स म्हणजे संशोधनातली नीती, आणि शेवटी स्वतःचं संशोधन. मार्कांची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे हे आधीच मनात पक्कं करून ठेवा, तिथं ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. मला पहिल्या असाइनमेंटला ६२ पडले तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, मग बॅचमधल्या एका मुलीनं समजावलं की अगं हे चांगले आहेत.

लेक्चर त्यांच्या दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा आणि त्यांनी घड्याळ मागं घेतलं की साडेसात. म्हणजे बरोब्बर स्वयंपाकाची वेळ. सासूबाईंनी त्या दोन वर्षांत संध्याकाळची भाकरी स्वतःवर घेतली, त्या नसत्या तर हा रिव्ह्यू लिहायला मी नसते. रेकॉर्डिंग मिळतं पण माझा सल्ला असा की लाइव्हच बसा, कारण प्रश्न विचारता येतो, आणि आपल्याकडचे प्रश्न त्यांना माहीतच नसतात. पावसाळ्यात नेट गेलं की पोवई नाक्याजवळ मैत्रिणीच्या घरी जाऊन बसायचे. जून ते सप्टेंबर या दिवसांसाठी दुसरी सोय लावूनच ठेवा.

पहिलं सत्र जड जातं. तत्त्वज्ञानाचा पेपर मला तीनदा वाचूनही कळायचा नाही, इंग्रजीचा प्रश्न नव्हता, वाक्य कळायचं पण ते कशासाठी चाललंय ते कळायचं नाही. अडलेली गाडी सुटली ती एका साध्या गोष्टीनं. सरांनी विचारलं की घर म्हणजे काय, तुमच्या देशाच्या जनगणनेतली व्याख्या आणा. आपली व्याख्या आहे एका स्वयंपाकघरात जेवणारी, एकत्र राहणारी माणसं, आणि त्याला जोडून असंही आहे की कामाच्या गरजेपोटी कुणी बाहेर असेल तर त्याची सवलत. मी ते वाचून दाखवलं आणि माझ्या डोळ्यासमोर जावळीतली सगळी घरं आली. नवरा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, तिथंच गावच्या पोरांबरोबर खोलीवर राहतो, दोन महिन्यांतून एकदा येतो, पैसे पाठवतो, जत्रेला येतो, गणपतीला येतो. तो या घरातला का त्या खोलीतला? तिथं एक चूल, इथं एक चूल. अकरा वर्षं मी त्या रकान्यात काहीतरी भरत होते, कधी घेतलं कधी सोडलं, ज्या दिवशी जसं वाटलं तसं. आपलं सांडत होतं ते इथं, हे मला त्या संध्याकाळी समजलं. साताऱ्यात २०११ च्या जनगणनेला हजार पुरुषांमागं ९८८ बायका होत्या आणि राज्यात ९२९, हा आकडा आपण अभिमानानं सांगतो, पण त्यातला किती भाग लेकी वाचल्याचा आणि किती भाग बाप्ये मुंबईत मोजले गेल्याचा हा प्रश्न मला त्याआधी कधी पडलाच नव्हता.

स्टॅटिस्टिक्सला घाबरून कोर्स सोडू नका, हे खास बारावीनंतर गणित सोडलेल्यांसाठी लिहितेय. आर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात टाइप करून कमांड द्यायच्या, सुरुवातीचे दोन महिने नुसते एरर येतात, मग हळूहळू हात बसतो. सॅम्पलचं गणित तर मला आवडायला लागलं. ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के कमीजास्त चालणार असेल तर साधारण ३८४ जण पुरतात, मग तालुका असो का जिल्हा, हे ऐकून मला आधी पटलंच नाही. घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, भात शिजलाय का बघायला पातेलं मोठं म्हणून जास्त शितं काढतेस का. पण त्याच्या पुढचं जे आहे ते कुठल्या शितावरनं कळत नाही. आपण ३८४ जण निवडतो ते सगळ्या जिल्ह्यातनं चिठ्ठ्या टाकून नाही निवडत, आपण सोयीसाठी चार-पाच गावं धरतो आणि तिथंच सगळे फॉर्म उरकतो. एका वाडीत एकाच भावकीची तीस घरं, तीच विहीर, तीच शाळा, तोच मुकादम, तिथं तीस जणांना विचारलं तरी तीस वेगळी उत्तरं हाती लागत नाहीत, आठ-दहा घरांएवढीच नवी माहिती मिळते. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात आणि त्याचं गणित करता येतं, त्याप्रमाणे सॅम्पल वाढवावं लागतं. आमच्या जुन्या कामात हे कुणी कधी धरलं नव्हतं. मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं, कारण किती पायपीट केली होती सगळ्यांनी.

तक्रार नंबर एक, उदाहरणं सगळी तिकडची. ब्रिटनमध्ये २००९ पासून त्याच त्याच घरांना दर वर्षी जाऊन विचारणारा एक मोठा सर्व्हे आहे, सुरुवातीला ४०,००० च्या आसपास घरं होती, सगळ्या प्रॅक्टिकलला तोच डेटा. डेटा उत्तम आहे, शिकायला सोपा आहे, पण कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं भाड्याचं घर आणि तिथले भत्ते यावर किती दिवस घालवायचे. मी ट्यूटरांना मेल करून परवानगी घेतली आणि आपल्याकडचा आयएचडीएसचा (इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे) डेटा वापरला, एनसीएईआर ही दिल्लीची संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेला, २००४-०५ मध्ये ४१,५५४ घरं आणि २०११-१२ मध्ये परत बहुतेक त्याच घरांना गाठलेलं. फुकट मिळतो, नाव नोंदवावं लागतं. एनएसएसचा, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा, घरनिहाय डेटा पण सरकारच्या साइटवर फुकट मिळतो. तुम्ही कोर्स करणार नसाल तरी हे दोन्ही उघडून बघा.

आणि एनएसएसचा डेटा उघडलात तर ९२ आणि ९३ हे कोड शोधा. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी, ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय सरपण, चारा, पाणी, शिवण असलं काही करणारी. आमच्याकडच्या बाईला विचारलं काय काम करता, तर ती म्हणते काय नाय, घरीच असते. मागं गोठ्यात दोन म्हशी, डोंगराकडेला नाचणीचं वावर, भाताची लावणी, आणि घरीच असते. मी पण घरीच असते असंच लिहून घ्यायचे. कोर्समध्ये प्रश्न कसा विचारायचा यावर अख्खा एक भाग होता, त्यात कामाचा प्रश्न एकदम न विचारता काल पहाटे उठल्यापासून काय काय केलंत असं विचारायला शिकवलं, आणि त्याच बायका अर्धा अर्धा तास सांगत बसल्या. माझ्या मते फीमधला निम्मा भाग इथंच वसूल झाला.

प्रश्नावलीचं भाषांतर हा दुसरा मोठा धडा. पूर्ण सहमत, काहीसे सहमत, तटस्थ अशी पाच खणांची पट्टी तिकडं सर्रास चालते. केळघरच्या बाजूला एका आजींना मी ती वाचून दाखवली, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं हाय की." पाचही प्रश्नांना बरं हाय की. मग मी खण सोडले आणि पिशवीतनं दहा चिंचोके काढून त्यांच्यापुढं ठेवले, म्हटलं घरातला निर्णय घेण्यात तुमचा वाटा किती तेवढे तुमच्याकडं ओढा, बाकीचे मालकांकडं सरकवा. आजींनी सहा सरकवले, जरा थांबल्या, मग त्यातले दोन परत ओढून घेतले. ते दोन परत ओढताना त्या जे बोलल्या तेच माझ्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं पान आहे. चिंचोक्यांची पद्धत माझी नाही, गावात काम करणारे लोक बी-बियाणं, खडे घेऊन हे कधीपासून करतात, पण ती शास्त्रात बसते आणि ती कशी लिहायची हे मला कोर्सनं दाखवलं.

तक्रार नंबर दोन, एथिक्सचा फॉर्म. विषय महत्त्वाचा आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, उलट आपल्याकडं कुणालाही विचारून फोटो काढायची सुद्धा सवय नाही आणि ती लागली पाहिजे. पण त्यांना प्रत्येकाची लेखी सही हवी होती. आमच्याकडं सही म्हटलं की माणूस मागं सरकतो. एका काकांनी सरळ सांगितलं, बोलतो पायजे तेवढं, सही नाय देणार, मागं एकानं अशीच सही घेतली नि कर्जाला जामीन करून ठेवलं. मी एथिक्स समितीला लिहिलं की तोंडी संमती रेकॉर्ड करते, कागद वाचून दाखवते, त्यांच्याकडंच ठेवते. उत्तर यायला सात आठवडे गेले. परवानगी मिळाली पण तोवर जत्रांचा हंगाम संपत आला होता. तुम्ही करणार असाल तर हा अर्ज पहिल्याच दिवशी टाका आणि कारण सविस्तर लिहा, ऐकतात ते.

जत्रेचं सांगायलाच हवं. माझा विषय होता माथाडींच्या घरात मागं राहिलेल्या बायका आणि घरातले निर्णय, तीन गावं, ९६ घरं आणि २२ लांब मुलाखती. सरावाचा पायलट मी आधीच्या वर्षी चैत्रात केला होता, जत्रेच्या आठवड्यात, कारण एसटी जास्त असतात आणि लोक घरी सापडतात. सगळे सापडले. मुंबईकर आलेले, घरं भरलेली, बायका खुशीत, पैशाचं काय, मुलांच्या शाळेचं काय, प्रत्येक प्रश्नाला हे ठरवतात. मी ते घेऊन निम्मं प्रकरण लिहून पण टाकलं. गाइड बाईंनी एकच प्रश्न विचारला, हे आठवडे वर्षातले कसले आठवडे होते. मी परत गेले भाद्रपद संपल्यावर, गणपती करून मुंबईकर परतले होते, आणि त्याच घरांत त्याच प्रश्नांना वेगळी उत्तरं. खत कधी आणायचं, सोसायटीचं कर्ज फेडायचं का फिरवायचं, सासऱ्यांना सिव्हिलला न्यायचं का खासगीत, सगळं त्याच ठरवतात, फोनवर सांगतात इतकंच. दोन्ही वेळी त्या खोटं बोलल्या नव्हत्या. तेव्हा सर्व्हे कुठल्या महिन्यात केला हे ज्या रिपोर्टात लिहिलेलं नाही तो रिपोर्ट मी आता बाजूला ठेवते.

घरांची यादी कुठनं मिळवायची हे पण अनुभवानं सांगते. मतदार यादी घेऊ नका, निम्मे मुंबईत आणि मत गावाला. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची वही, घ्या, पण त्यात घरं आहेत, माणसं नाहीत, भावाभावांत वाटण्या झालेल्या पण नोंद एकाच्याच नावावर. सगळ्यात खरी यादी अंगणवाडी सेविकेच्या रजिस्टरात असते, नाहीतर आशाताईंच्या डोक्यात. त्यांचा वेळ घ्याल तर प्रबंधात आभार माना आणि जमलं तर त्यांना एक प्रत द्या, आमच्या गावात कुणी कधी दिली नव्हती.

या कोर्समुळं जुनी माणसं परत वाचली हा एक फायदा. आपल्याकडं हे शास्त्र नवीन नाही हो. गरिबीची रेषा २,२५० कॅलरीवरून मोजून १९७१ मध्ये देशाला विचार करायला लावणाऱ्या दोघांपैकी एक अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, जन्म १९२० चा, आपल्या साताऱ्यातला. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणात उठलेल्या लोकांचा सर्व्हे केला तो १९६९ ला छापून आला. सेमिनारला सगळ्यांनी आपापल्या देशातलं एक जुनं संशोधन आणायचं होतं, मी हेच नेलं, आणि माझ्या आजोळचं गाव त्या पाण्याखाली गेलंय हे सांगताना माझा आवाज कापला, तिकडं दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. आणि समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची गोष्ट तर प्रत्येक विद्यार्थ्यानं ध्यानात ठेवावी, १९४८ च्या कर्नाटकातल्या गावातल्या अभ्यासावर वर्षानुवर्षं तयार केलेल्या टिपणांच्या सगळ्या प्रती १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला आगीत गेल्या आणि त्यांनी आठवणीतून लिहिलं. मी त्या रात्रीच सगळी रेकॉर्डिंग तीन ठिकाणी ठेवली, एक पेनड्राइव्ह माहेरी.

मराठीतल्या मुलाखतींचं काय करायचं यावर मात्र कोर्सकडं उत्तर नव्हतं आणि अर्धा स्टार मी इथं कापलाय. त्यांना सगळं इंग्रजीत हवं. हे मुंबईला असतात, या वाक्याचं इंग्रजी करून बघा, त्यातलं हे पण जातं आणि असतात पण जातं. शेवटी मी मराठीतच कोडिंग केलं, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना विषयवार लेबलं लावली, कोडांची नावं बायकांच्याच शब्दांत ठेवली आणि फक्त प्रबंधात घालायची वाक्यं इंग्रजीत आणली, खाली मूळ मराठी ठेवून. गाइड बाईंनी ते चालवून घेतलं. दुसरा अर्धा स्टार ऑफिसचा, मेलला उत्तर यायला लागणाऱ्या आठवड्यांचा.

पैशाचं. फी पौंडात असते आणि हप्ता भरायच्या वेळी भाव काय असेल ते आपल्या हातात नाही, हिशोब करताना वर थोडे धरून ठेवा. प्राध्यापक व्हायचंय म्हणून करत असाल तर फी भरायच्या आधी यूजीसीकडून (विद्यापीठ अनुदान आयोग) खात्री करा, परदेशातल्या ऑनलाइन डिग्रीला समकक्षता, म्हणजे इथल्या डिग्रीएवढी मान्यता, मिळण्यात अडचण असते, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागतेच. पीएचडीच्या तयारीत असाल तर आयसीएसएसआरच्या (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) मदतीनं होणारे दहा दिवसांचे रिसर्च मेथडॉलॉजीचे कोर्स आधी करून बघा, आवड आहे का ते कळतं. माझ्या पगारात लगेच फरक पडला नाही. पण आता फॉर्म माझ्याकडं भरायला येत नाही, बनवायला येतो.

प्रबंध द्यायला नऊ दिवस राहिले असताना मी तिन्ही गावांत जाऊन काय सापडलं ते मराठीत वाचून दाखवलं. हे कोर्समध्ये सक्तीचं नाही, मला करायचं होतं. एका गावात देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, मी कागदावरचं वाचत होते, एकूण घरं इतकी, त्यातली कुलूपबंद इतकी. कुलूपबंद म्हणजे माझ्या यादीत कोड ७, सर्व्हेतून वगळलेली. त्या चिंचोकेवाल्या आजी मागं खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बंद कुठं हायती? चाव्या माझ्याकडं हायत. तिन्हीसांजेला दिवा लावती की मी, मुंबईवरनं पोरी फोन करत्यात, आजी लावला का म्हणून."

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला आणि कोड ७ ची घरं काढून परत पहिल्यापासून बघायला बसले.